आधी शास्त्रपाठ ऐकू येऊ दे

‘मावशी, सलाम. मी ३२ वर्षांची आहे. जन्म नाशकातलाच, कॉलेज रोडला एका बँकेत नोकरी करते. गेल्या वर्षी मला आमच्या चर्चच्या मंडळीच्या कमिटीवर घेतलं. पंचेचाळिशीच्या आतली तिथं मी एकटीच. रजिस्टरमध्ये ६० घरं आहेत, रविवारी ४०-५० माणसं येतात. पुढचे चार बाक रिकामेच असतात. तरुण मुलं-मुली गंगापूर रोडला एका भाड्याच्या हॉलमध्ये फेलोशिपला, म्हणजे वेगळ्या प्रार्थनासभेला, जातात. तिथं गिटार, ड्रम असतात, तासतासभर गाणं चालतं.

माझे बाबा ३० वर्षं आमच्या चर्चमध्ये शास्त्रपाठ, म्हणजे त्या रविवारचा बायबलमधला उतारा, वाचायचे. शनिवारी रात्री जेवणं झाली की उद्याचा पाठ ते मोठ्यानं वाचायचे आणि आम्ही टीव्हीचा आवाज कमी करायचो. ते जाऊन तीन वर्षं झाली. आता जो लवकर येईल त्याच्या हातात चिठ्ठी देतात. डिसेंबरात, आगमनकाळाच्या (नाताळाआधीच्या आठवड्यांच्या) तिसऱ्या रविवारी, यशयाच्या पुस्तकातला ३५वा अध्याय वाचायचा होता. वाचणाऱ्यानं ५३ काढला आणि अख्खा वाचला. नाताळ तोंडावर आणि आम्ही उत्तम शुक्रवारचा, गुड फ्रायडेचा, पाठ ऐकतोय! मी आजूबाजूला पाहिलं. कुणाच्या चेहऱ्यावर काही नाही. ‘आमेन’ झालं आणि पुढचं गीत सुरू झालं.

जानेवारीच्या मीटिंगला मी चार पानांची योजना नेली. प्रोजेक्टर, नवी गाणी, बँड, महिन्यातून एकदा युवकांची उपासना. एका ज्येष्ठ काकांनी पानं न उलटताच म्हटलं, “तुझ्या बापानं असलं काही केलं नसतं.” ते बाबांचे जुने मित्र, चर्चच्या कोअरमध्ये गाताना त्यांच्या शेजारी उभे राहायचे. घरी येऊन रडले. मी ही योजना लावून धरू, की सरळ त्या हॉलमध्ये जायला लागू? आणि खरं सांगायचं तर घरी मीही बायबल उघडत नाही. मोबाइलवर रोज एक वचन येतं, तेवढंच.
– एक वाचक, नाशिक’

प्रिय मुली, सलाम.

मंडळीचं नाव गाळून पत्र छापते आहे. तुझी ती चार पानं मी पाहिलेली नाहीत, पण तू सांगितलेल्या गोष्टी मोजल्या. प्रोजेक्टर आहे, गाणी आहेत, बँड आहे. शास्त्रपाठाचं नाव कुठंच नाही. आणि तुझ्या अख्ख्या पत्रात जिथं तुझा आवाज खरंच कापतो, ती जागा शास्त्रपाठाचीच आहे. यशया ३५ ऐवजी ५३ वाचला गेला आणि मंडळी बसून राहिली. मी तुझ्या जागी असते तर मलाही रात्री झोप आली नसती.

यशयाच्या ३५व्या अध्यायात दहाच वचनं आहेत. ओसाड रान फुलतं, गळून गेलेल्या हातांना बळ येतं, आंधळ्यांना दिसू लागतं, लंगडा हरणासारखा उड्या मारतो. आगमनकाळात हा पाठ ठेवतात तो उगीच नव्हे. नाताळाआधी ते रान माणसांच्या डोळ्यांपुढं फुलायला हवं असतं. ५३वा म्हणजे दुःख सोसणाऱ्या सेवकाचा, वधाला नेल्या जाणाऱ्या कोकराचा. दोन्हींचा सूर इतका वेगळा आहे की लग्नघरात कुणी दहाव्याची तयारी काढावी तसं झालं असेल. तरी कुणाची मान वर झाली नाही. याचा अर्थ तुमची माणसं वाईट आहेत असा काढू नकोस. शास्त्रपाठाच्या वेळी ऐकायचं असतं ही सवयच हळूहळू सुटली आहे. बाक भरलेले असते तरी त्या दिवशी हेच झालं असतं.

म्हणून माझं म्हणणं एकच आहे. गाण्याला, बँडला, पडद्याला आत्ता हात लावू नकोस. पुढचे तीन महिने फक्त एवढंच बघ की रविवारी वाचलेलं वचन शेवटच्या बाकावर बसलेल्या माणसाला ऐकू येतं आणि कळतं. उपासनेचं नूतनीकरण म्हणून तुला जे हवं आहे ते मला या दारातून आत येताना दिसतं.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. वीस-बावीस वर्षांपूर्वी मी ज्या मंडळीत होते तिथं आम्ही चार-पाच जणांनी मोठ्या उत्साहानं सगळं एकदम बदललं. कीबोर्ड आणला, नव्या गाण्यांच्या झेरॉक्स काढल्या, जुनी गीतं महिन्यातून एखादं अशी केली. आमच्यात एक आजी होत्या. त्यांना अक्षरओळख नव्हती. पण गीतांचं पुस्तक त्या नेहमी हातात धरायच्या, मिटलेलंच, आणि सगळी कडवी डोळे मिटून म्हणायच्या. स्तोत्रसंहितेतली दहा-बारा स्तोत्रं त्यांना तोंडपाठ होती, १०३वं तर पहिल्यापासून शेवटपर्यंत. नव्या गाण्यांच्या तिसऱ्या की चौथ्या रविवारी माझी नजर त्यांच्याकडं गेली. पुस्तक तसंच हातात होतं, ओठ मिटलेले होते. झेरॉक्सचा कागद त्यांच्या मांडीवर उलटा पडला होता. साठ वर्षं जी बाई मंडळीत गात होती तिला आम्ही एका महिन्यात मुकी केली. त्या पुढं दोन वर्षं जगल्या आणि मी त्यांची कधी माफी मागितली नाही. ते मला अजून सलतं.

तेव्हा तुझे ते काका पानं न उलटता जे बोलले, ते कठोर होतं, आणि बापाचं नाव काढून बोलायला नको होतं. पण त्यांच्या डोळ्यांपुढं काय आलं असेल याचा मला अंदाज आहे. आपलं तोंड मिटणार, ही भीती त्या वाक्यात आहे. गंमत अशी की ते म्हणाले ते शब्दशः खरंही आहे. तुझ्या बाबांनी पडदा लावला नसता. त्यांनी शनिवारी रात्री पाठ मोठ्यानं वाचला असता.

तू तिथूनच सुरुवात कर.

पाळकसाहेबांकडं जा. कमिटीत जाऊ नकोस, आधी घरी जा, आणि योजना नेऊ नकोस. एवढंच माग: ‘पुढचे तेरा रविवार शास्त्रपाठाची जबाबदारी माझ्याकडं द्या. पाठ मला मंगळवारपर्यंत कळवा, वाचणारी माणसं मी तयार करते.’ आपल्याकडच्या कितीतरी पाळकांकडं एकापेक्षा जास्त मंडळ्या असतात, सकाळी एक उपासना, संध्याकाळी दुसरी, मध्ये कुणाचा तरी दफनविधी. शनिवारी रात्री अकराला ते पाठ ठरवत असतील तर तो आळस समजू नकोस. कुणी तरी दर मंगळवारी आठवणीनं विचारतं आहे याचाच त्यांना आधार वाटेल. तुमच्या मंडळीत वर्षभराच्या पाठांचा तक्ता वापरत असतील, जुना करार, स्तोत्र, पत्र आणि शुभवर्तमान (येशूचं चरित्र) असा, तर काम आणखी सोपं. तो तक्ता मागून घे आणि घरी भिंतीवर लाव.

मग वाचणाऱ्यांकडं वळ. सहा माणसं पुरेत. त्यात दोन साठीच्या पुढची असू देत, एखादा सिडकोतला कॉलेजचा मुलगा असू दे, एखादी गृहिणी. आणि प्रत्येकाला आधी घरी वाचायला लाव. नुसतं डोळ्यांनी वाचणं उपयोगाचं नाही, आवाज फुटला पाहिजे. मी मराठीची शिक्षिका होते, म्हणून हे ठासून सांगते: मनातल्या मनात वाचताना आपण अडखळतो ते आपल्यालाच कळत नाही, डोळे पुढं सरकून जातात. जीभ मात्र थांबते. जिथं थांबते तिथं पेन्सिलीनं हलकी रेघ मारावी. पहिल्या वाचनात अर्थ बघावा, कोण कुणाशी बोलतं आहे ते. दुसऱ्यात नावं. तिसऱ्या वेळी घरातल्या कुणाला तरी स्वयंपाकघरात उभं करावं, आपण बाहेरच्या खोलीच्या दारातून वाचावं आणि काय ऐकू आलं ते विचारावं. वाक्याच्या शेवटी आपल्याकडं आवाज पडतो, आणि मराठी वाक्याचं क्रियापद तर शेवटीच असतं. म्हणजे ‘परमेश्वरानं आपल्या लोकांना’ इथवर छान ऐकू येतं आणि त्यानं लोकांना काय केलं ते माइकच्या खाली विरून जातं. हे एवढं सुधारलं तरी मंडळीत फरक जाणवतो.

नावांची भीती सगळ्यांना असते. नहेम्याच्या पुस्तकातला आठवा अध्याय तुला माहीत असेल. बंदिवासातून परत आलेले लोक पाणीवेशीसमोरच्या चौकात जमतात आणि स्वतःहून एज्रा शास्त्र्याला म्हणतात, नियमशास्त्राचं पुस्तक आण. तो लाकडी मंचावर उभा राहतो आणि उजाडल्यापासून दुपारपर्यंत वाचतो. स्त्रिया, पुरुष आणि ज्यांना समजण्याइतकं वय आहे ती सगळी मुलं उभी राहून ऐकतात. आता या अध्यायात एज्राच्या उजव्या हाताला सहा आणि डाव्या हाताला सात जण उभे असल्याचं सांगितलं आहे, नावानिशी. मत्तिथ्या, शेमा, अनाया... वाचणारा इथं येतो आणि घाईघाईनं पुटपुटून पुढं जातो. मला नेहमी वाटतं, ती तेरा माणसं तुझ्या सहा वाचणाऱ्यांसारखीच असतील. नुसती शेजारी उभी राहिलेली. कुणी तरी त्यांची नावं लिहून ठेवली, तर आपण ती नीट घ्यावीत. त्यानंतर आणखी तेरा नावं येतात, ती लोकांमध्ये फिरून अर्थ समजावून सांगणाऱ्यांची. वाचलं, अर्थ सांगितला आणि लोकांना वाचलेलं समजलं, असं तिथं स्पष्ट म्हटलं आहे. लोक रडायला लागले. तेव्हा त्यांना सांगण्यात आलं की आज रडू नका, घरी जा, गोडधोड खा आणि ज्यांच्या घरी काही शिजलेलं नाही त्यांना ताट पाठवा. वाचनातून सरळ ताटापर्यंत. कमिटीतल्या लोकांबरोबर हा एकच अध्याय बसून वाचलास तरी तुझ्या चार पानांपेक्षा जास्त बोलणं होईल.

रविवारच्या दिवसाच्या काही बारीक गोष्टी. मोबाइलवरून वाचू देऊ नकोस, मध्येच फोन येतो आणि मग वाचणाऱ्याचा चेहरा आपण बघत बसतो. वाचनपीठावर मोठ्या अक्षरांचं बायबल आदल्या दिवशीच खूण घालून ठेव. ३५ चा ५३ होतो तो ऐनवेळी पानं उलटताना. पुस्तक, अध्याय, वचन एवढं सांगून थांबायचं, पानांची सळसळ थांबेपर्यंत. मग एक वाक्य प्रस्तावनेचं. एकच! उपदेश पाळकसाहेब करणार आहेत. वाचून झाल्यावर अर्धा मिनिट कुणी काही बोलायचं नाही. सुरुवातीला लोक खोकतील, घड्याळ बघतील. चौथ्या-पाचव्या रविवारी ती शांतता त्यांची होते. आणि सूचना! मी ज्या ज्या मंडळ्यांत गेले आहे तिथं शास्त्रपाठाला तीन मिनिटं आणि सूचनांना पंधरा मिनिटं, वर्गणी, सहल, कुणाची हरवलेली छत्री. पाळकसाहेबांना विनंती करून त्या शेवटच्या आशीर्वादानंतर नेता आल्या तर बघ.

जिथं गोष्ट आहे तिथं तीन आवाज वापर. योहानाच्या चौथ्या अध्यायात विहिरीवरची शोमरोनी बाई आहे. येशूचं बोलणं एकानं, बाईचं एका बाईनं, मधलं तिसऱ्यानं वाचावं. हे नाटक नव्हे, जागेवर उभं राहून नुसतं वाचायचं. पण बाईचे प्रश्न बाईच्या आवाजात आले की आपल्या बायका मान वर करतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. स्तोत्र मात्र सगळ्यांनी मिळून, डावीकडच्या बाकांनी एक वचन, उजवीकडच्यांनी पुढचं, असं आळीपाळीनं.

आता भाषेचं. तुझ्या पत्रात हे नाही, पण तेरा रविवार काम केलंस की हा प्रश्न तुझ्यापुढं उभा राहणारच. मुलं इंग्रजी माध्यमात जातात. घरी मराठी बोलतात, देवनागरी वाचताना मात्र बोट ठेवून वाचतात, जोडाक्षराला अडतात. ‘नीतिमत्त्व’ आलं की संपलं. चारचौघांत उभं राहून अडखळायला नको म्हणून चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा शास्त्रपाठाला नाही म्हणतो, आणि आपण म्हणतो याला देवाची गोडी नाही. आमच्या संडे स्कूलमध्ये एक मुलगी होती, आठवीतली, हुशार. मी तिला मार्काच्या चौथ्या अध्यायातलं वादळ शमवण्याचं वाचायला दिलं. ती म्हणाली, ‘टीचर, मी इंग्लिशमधून वाचते.’ मी म्हटलं, एकच वचन मराठीतून वाच, बाकीचं मी वाचते. आठवडाभर तिनं ते एक वचन घोकलं. रविवारी वाचलं, आणि खाली बसल्यावर तिच्या आजीनं तिचा हात धरला तो उपासना संपेपर्यंत सोडला नाही. पुढच्या महिन्यात ती दोन वचनं वाचायला तयार झाली. एवढ्या सावकाशीनं जावं लागतं. आणि माइकवर असताना मुलाची चूक कधीही दुरुस्त करू नकोस, शेवटच्या बाकावरून कुणी ओरडून करत असेल तर त्यालाही नंतर बाजूला घेऊन सांग.

कुठलं भाषांतर घ्यावं यावर भांडणं होतात. माझं मत ऐक. उपासनेत तुमची मंडळी ज्याला सरावलेली आहे तेच वाच, कारण आजीसारख्या माणसांना ते पाठ आहे. मुलांच्या वर्गात आणि घरी सोप्या मराठीतलं घे. सोप्या मराठीची मागणी म्हणजे आजकालचं फॅड असं कुणी म्हणालं तर त्याला पंडिता रमाबाईंची आठवण दे. आपल्याकडं मराठीत शुभवर्तमान छापायला १८०५ साली बंगालमधल्या श्रीरामपूरला विल्यम केरी या मिशनऱ्यानं सुरुवात केली, मत्तयापासून. पुढं शंभर वर्षांनी रमाबाईंना दिसलं की खेड्यातल्या बाईला हातातल्या बायबलाची भाषा जड जाते. केडगावच्या मुक्तिसदनात निराधार बायका-मुलींचा एवढा मोठा संसार सांभाळून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि अख्खं बायबल सोप्या मराठीत आणायला बसल्या. १९२२ साली एप्रिलमध्ये त्या गेल्या, तोवर भाषांतर पुरं झालं होतं. ज्यांना संस्कृत पुराणं तोंडपाठ होती अशा बाईनं आयुष्याची शेवटची वर्षं सोप्या मराठीसाठी दिली, हे विसरण्यासारखं नाही.

आणि त्याच्याही कितीतरी आधी, १६१६ साली, गोव्याकडं फादर थॉमस स्टीफन्सनं ख्रिस्ताची कथा दहा हजारांवर ओव्यांत छापली, कारण नव्यानं ख्रिस्ती झालेली माणसं त्याच्याकडं मागत होती की आम्हाला पूर्वी पुराण ऐकायला मिळायचं, आता काय ऐकायचं? ती ओवी पुढं तिथल्या चर्चमधून मोठ्यानं वाचली जायची. ऐकायची भूक आपल्या माणसांची जुनीच आहे.

गाण्याचंही इथंच सांगते, म्हणजे काकांशी बोलताना तुझ्या हाताशी राहील. ज्या गीतांना ते जुनी म्हणून जपतात त्यातली कितीतरी कवी नारायण वामन टिळकांची. टिळक बाप्तिस्मा घेऊन मंडळीत आले १८९५ साली. तेव्हा मराठी मंडळ्यांत परदेशी चालींवरची भाषांतरित गीतं सर्रास गायली जायची. टिळकांनी अभंग आणले, ओवी आणली, भजन आणि कीर्तन उपासनेच्या जवळ आणलं. ‘ख्रिस्तायन’ हे ख्रिस्ताच्या आयुष्यावरचं काव्य त्यांच्या हातून अपुरं राहिलं, ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. त्या तर आपल्या नाशिकजवळच्या जलालपूरच्या, रीतसर शाळा न शिकलेल्या. म्हणजे काकांच्या मनात जे जुनं आहे तेही एकदा कुणी तरी नवं म्हणून आणलं होतं, पेटी-तबल्यासकट. पण टिळकांना शास्त्र मुखोद्गत होतं, त्यांचे शब्द तिथून आले. तुझ्या मुलांच्या हातात गिटार आली तर मला काहीच वावगं वाटत नाही. आधी त्यांच्या तोंडात वचन येऊ दे, मग त्यांनीच चाल लावलेली बघशील. निवडायला सांगितलंस तर मी पहिल्यांदा एखादं स्तोत्र अभंगाच्या चालीवर पेटीवर बसवीन, ज्यात काकाही गातील.

हॉलमध्ये जाणाऱ्या मुलांविषयी. त्यांना पळपुटी म्हणू नकोस आणि घरात कुणी म्हणत असेल तर थांबव. तासभर उभं राहून गाणाऱ्या मुलाला देव नको आहे असं मला वाटत नाही. तू तिथं जावंस की नाही? जाऊन एकदा बसून ये, चांगलं जे दिसेल ते मनात ठेव. पण मंडळी सोडायचा निर्णय आत्ता, त्या एका वाक्याच्या रागात घेऊ नकोस. तेरा रविवार होऊ देत.

आता तुझं शेवटचं वाक्य, जे तू लाजत लिहिलंस. घरी बायबल उघडत नाहीस. बरं झालं लिहिलंस. मोबाइलवरचं रोजचं वचन वाईट नाही, पण ते चिमूटभर मिठासारखं आहे, त्यानं जेवण होत नाही. आपल्या शेजारीपाजारी लोक सात दिवसांत गुरुचरित्राचं पारायण करतात, पहाटे उठून, नेम सांभाळून. तू नाशिकची आहेस, तुला हे नवं नाही. त्या नेमाचं मला फार कौतुक वाटतं, आणि आपल्याकडं तो का उरला नाही याचं वाईट. मार्काचं शुभवर्तमान सोळा अध्यायांचं आहे. मोठ्यानं वाचायला दोन तासांच्या आत-बाहेर लागतात. एका संध्याकाळी कुणाच्या तरी घरी पाच-सात जण बसा, चहा करा, आणि पहिल्या वचनापासून शेवटपर्यंत आळीपाळीनं वाचून काढा. मध्ये चर्चा नको, प्रार्थना नंतर. आमच्या घरप्रार्थनेत आम्ही हे पहिल्यांदा केलं तेव्हा चर्चमध्ये जन्म गेलेले एक गृहस्थ म्हणाले, ‘मला हे सगळं एका माणसाचं एकसलग आयुष्य आहे असं आज कळलं.’ आपण त्याला नेहमी तुकड्यातुकड्यांनी भेटतो ना.

त्यानंतर हवं तर आठवड्याला पाच अध्याय धरा. नव्या करारात एकूण २६० अध्याय आहेत, ५२ आठवड्यांत बरोबर बसतात, दोन दिवस सुट्टीचे राहतात. पुढच्या डिसेंबरात लूक घ्या. त्याचे २४ अध्याय आहेत, एक तारखेपासून रोज एक वाचला की नाताळच्या आदल्या संध्याकाळी संपतो. या बैठकीला हॉलमधल्या मुलांनाही बोलाव. रविवारी ती कुठंही जावोत, बुधवारी तुझ्या घरी येतील.

हे सगळं करून बाक भरतील का? कदाचित नाही भरणार. तेरा रविवारांनंतरही ४०-५०च माणसं असतील. तेव्हा मीटिंगमध्ये डोकी मोजायला बसू नकोस. उपासना संपल्यावर दाराशी उभी राहा आणि कुणी वाचलेल्या पाठाबद्दल एखादा शब्द बोलतं का ते ऐक. ‘आज ते हरणाचं वाचलं ना...’ एवढं कुणी म्हणालं तर घरी जाऊन वहीत लिहून ठेव.

तू शरणपूरच्या रस्त्यानं रोज जात असशील. एकोणिसाव्या शतकात तिथं चर्च मिशनरी सोसायटीच्या वसाहतीत गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकेतली मुलं राहायची, शिकायची. नाशिकला शिकलेला असाच एक मुलगा, जेकब वेनराइट, पुढं आफ्रिकेत फिरणारा मिशनरी डेव्हिड लिव्हिंग्स्टन याच्या काफिल्यात गेला. १८७३ साली आफ्रिकेच्या आतल्या भागात, चिटांबोच्या गावी, लिव्हिंग्स्टन वारला तेव्हा जवळ कुणी पाळक नव्हता. झाडाखाली त्याचं हृदय पुरलं आणि दफनाचा पाठ या जेकबनं वाचला, कारण त्याला वाचता येत होतं. मी लहानपणी शरणपूरच्या बाजूलाच वाढले, ही गोष्ट मला फार उशिरा कळली. तेव्हापासून संडे स्कूलच्या कुठल्याही मुलाच्या हातात बायबल देताना मला तो आठवतो.

आता काका. त्यांच्याशी वाद घालू नकोस, माफीची वाटही बघू नकोस. पाळकसाहेबांचा होकार आला की पहिला पाठ तू स्वतः वाच, आणि त्यांना विचारून यशया ३५ च माग, डिसेंबरात राहून गेला म्हणून. शनिवारी सकाळी काकांना फोन कर. म्हणावं, ‘काका, उद्या शास्त्रपाठ माझ्याकडं आहे. बाबा असते तर त्यांना म्हणून दाखवला असता. संध्याकाळी घरी याल का? माझं कुठं चुकतं ते सांगा.’ ते येतील असं मला वाटतं. बाबांची खुर्ची त्यांना दे, टीव्ही बंद कर आणि दारात उभी राहून पहिल्या वचनापासून वाच.

तुझी,
मावशी